ऑर्किडची कूज: आधी कापा, मग औषध, मग सुकवा, पाणी सगळ्यात शेवटी

पाऊस लागला की ऑर्किड ठेवणाऱ्यांची एकच तक्रार असते. पान काळं पडलं म्हणून बाविस्टिन हे बुरशीनाशक मारलं, मग कोणीतरी सांगितलं म्हणून दालचिनी टाकली, मग अजून एकदा बाविस्टिन, आणि आठवड्याने मधला कोंब जरा ओढून बघितला तर अख्खा हातात आला. यात दरवेळी औषध खोटं असतं असं नाही, बहुतेक वेळा क्रम उलटा असतो. कुजका भाग तसाच ठेवून, ओल्या मीडियात (कुंडीत मातीऐवजी भरतात ते कोळसा, साल, मॉस वगैरे) बसलेल्या झाडावर वरून फवारा मारला म्हणजे त्याला अजून एकदा भिजवलं, एवढंच होतं.

खाली लिहिलंय ते गॅलरीत, खिडकीच्या ग्रिलमध्ये नाहीतर गच्चीवरच्या शेडनेटखाली कुंडीत ठेवलेल्या झाडांसाठी. मुख्यतः फॅलेनॉप्सिस आणि डेंड्रोबियम, कारण आपल्याकडे घरोघरी हीच दोन असतात. आधी सगळं एकदा वाचून घ्या आणि मगच झाडाला हात लावा, कारण अर्ध्यात थांबून ब्लेड शोधायला गेलात की काम बिघडतं.

१. आधी बघा, खरंच कूज आहे का

फॅलेनॉप्सिसचं सगळ्यात खालचं एक पान हळूहळू, दोन-तीन आठवडे घेत पिवळं पडून सुकलं तर ते म्हातारपण आहे, त्याला काही करायचं नाही. डेंड्रोबियमच्या जुन्या केनची (उसासारख्या उभ्या खोडाची) पानं हिवाळ्यात गळतात, तेही नैसर्गिक. पानाच्या वरच्या बाजूला, जिथे ऊन थेट पडतं तिथे पांढुरका-तपकिरी कोरडा डाग आला आणि तो आहे तेवढाच राहिला तर ऊन लागलंय. आणि पानं सुरकुतली म्हणजे पाणी कमी पडलं असं धरून लगेच पाणी घालू नका, मुळं कुजली तरी पानं अगदी तशीच सुरकुततात कारण पाणी वर न्यायला खाली काही उरलेलंच नसतं. ही चूक सगळ्यात जास्त झाडं मारते: मुळं कुजतात, पानं मलूल होतात, माणूस अजून पाणी घालतो.

तपासा: डागाच्या कडेवर मार्कर पेनने रेघ मारा आणि मोबाईलवर फोटो काढा. १२ तासांनी परत बघा. डाग रेघेच्या बाहेर गेला तर पसरणारी कूज आहे, लगेच कामाला लागा. जागेवरच असेल तर एवढी घाई नाही. डाग मऊ, पाणचट असेल तर मात्र १२ तास वाट बघू नका.

२. कुठली कूज आहे ते ओळखा, कारण औषध त्यावर ठरतं

काळी कूज. हिच्यामागे फायटोप्थोरा आणि पिथियम हे दोघे सूक्ष्मजीव असतात. डाग गडद तपकिरी ते काळा, ओलसर, कडेला कधीकधी पिवळसर पट्टा, सुरुवात बुडाशी, मुळांत नाहीतर कोंबात, आणि पसरण्याचा वेग इतका की फॅलेनॉप्सिस दोन-चार दिवसांत जाऊ शकतं. कोकणातल्या लोकांना हे नवीन नाही, नारळाचा कोंब कुजतो तो फायटोप्थोरा पामिव्होरामुळे आणि ऑर्किडची काळी कूजही बऱ्याचदा तोच करतो. सुपारीचा कोळे रोग पण याच गणातला.

आता मुद्दा असा की हे दोघे खऱ्या अर्थाने बुरशी नाहीतच, त्यांचा गट वेगळा आहे, आणि म्हणून कार्बेन्डाझिम म्हणजे आपलं बाविस्टिन त्यांच्यावर चालत नाही. थोडं चालतं असंही नाही. नाशिकच्या कुठल्याही द्राक्षवाल्याला विचारा, केवडा आणि भुरी हे द्राक्षावरचे दोन रोग, केवड्याचं औषध वेगळं आणि भुरीचं वेगळं हे त्याला पक्कं माहीत असतं, आणि काळी कूज केवड्याच्या घरातली आहे. घरात बाविस्टिनची पुडी असते म्हणून तेच मारायचं, यात चार दिवस जातात, आणि काळ्या कुजीला चार दिवस पुरतात.

जिवाणूजन्य मऊ कूज. पान पाणी भरलेल्या पिशवीसारखं लिबलिबीत होतं, रंग आधी गडद हिरवा मग तपकिरी, आणि घाण वास येतो. वास ही मोठी खूण. हीसुद्धा एक-दोन दिवसांत अख्खं पान खाऊ शकते, विशेषतः उष्ण-दमट हवेत.

फ्युजेरियम. ही बुरशी सावकाश मारते. झाड महिनोन् महिने रोडावत जातं, पानं एका बाजूने पिवळी पडतात, आणि राइझोम, म्हणजे केन ज्याला जोडलेले असतात तो आडवा खोडाचा भाग, कापला की आत गुलाबी-जांभळी कडी दिसते.

स्क्लेरोशियम. बुडाशी पांढरी कापसासारखी बुरशी आणि तिच्यात मोहरीएवढे गोल दाणे, आधी पांढरे मग तपकिरी. ते दाणे दिसले की शंका नको.

आणि साधी मूळकूज, म्हणजे मीडिया जुना होऊन भुगा झाला, हवा बंद झाली, मुळं गुदमरून मेली आणि मग जी मिळेल ती बुरशी त्यावर बसली. शहरातल्या गॅलऱ्यांमध्ये सगळ्यात जास्त हीच असते आणि सगळ्यात जास्त झाडं यातूनच वाचतातही.

ओळखता आलं नाही तर? वेगाने पसरतंय आणि वास नाही, तर काळी कूज धरून चाला. वेगाने पसरतंय आणि वास आहे, तर जिवाणू. सावकाश चाललंय तर आधी मुळं बघा.

३. झाड बाजूला काढा, सामान मांडा

आजारी झाड इतरांपासून लांब न्या, आणि इतरांच्या खाली ठेवा, वर टांगू नका. फायटोप्थोराचे बीजाणू पाण्यात चक्क पोहतात, वरच्या कुंडीतून गळलेलं पाणी खालच्या कुंडीत गेलं की रोग गेला. त्याच कारणाने सगळ्या कुंड्या एकाच बादलीत बुडवून पाणी द्यायची जी पद्धत आहे ती पावसाळ्यात पूर्ण बंद.

सामान असं लागेल:
- नवीन ब्लेडची पाकीटं, किंवा चांगली कात्री आणि तापवायला लायटर नाहीतर गॅस
- सर्जिकल स्पिरिट नाहीतर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल
- रबरी हातमोजे, मास्क
- जुने पेपर भरपूर, कचऱ्याची पिशवी
- औषध (पुढे सांगतो), छोटा डिजिटल वजनकाटा, फक्त याच कामाला ठेवलेला मग आणि चमचा
- टिश्यू पेपर, कापूस, मऊ जुना ब्रश
- दालचिनी पूड
- टेबल फॅन
- नवीन मीडिया आणि भोकांची कुंडी

वजनकाटा चैन वाटेल, पण २ ग्रॅम औषध अंदाजाने चमच्यावर घेता येत नाही, प्रत्येक पावडरीचं वजन वेगळं असतं. आणि स्वयंपाकघरातला चमचा, वाटी, मिक्सरचं भांडं यातलं काहीही वापरायचं नाही, नंतर घासून घेऊ हा विचारसुद्धा नको.

सावधान: स्पिरिट लावलेली कात्री ओली असताना लायटर लावू नका, भडकते. एकतर स्पिरिट, नाहीतर ज्योत.

४. कुंडीतून काढा आणि धुवा

कुंडी प्लास्टिकची असेल तर बाजूंनी दाबून सैल करा, मातीची असेल आणि मुळं चिकटली असतील तर झाड ओढू नका, कुंडी फोडा. वीस-तीस रुपयांच्या कुंडीसाठी चांगली मुळं तोडणारे लोक मी बघितलेत.

सगळा मीडिया काढून टाका. नर्सरीतून आणलेल्या फॅलेनॉप्सिसमध्ये मुळांच्या मध्यभागी मॉसचा नाहीतर कोकोपीटचा घट्ट गोळा असतो, लहानपणी रोप ज्या ट्रेमध्ये होतं तिथला. वरून सगळं कोरडं दिसत असतं आणि हा गोळा आत गच्च ओला राहतो, म्हणून तो चिमट्याने थोडा थोडा करून काढा, अगदी शेवटचा धागा निघेपर्यंत. कूज बहुतेकदा इथूनच सुरू झालेली असते.

मग मुळं वाहत्या पाण्याखाली धरा. फक्त मुळं, झाड तिरकं धरून, कोंबात पाणी जाऊ द्यायचं नाही. आणि कूज पानातच असेल, मऊ जिवाणूजन्य असेल, तर धुवूच नका. पाण्याने जिवाणू सगळ्या झाडावर फिरतात, सरळ पुढच्या टप्प्यावर जा.

मुळं ओळखणं: दोन बोटांत हलकं दाबा. टणक आणि पांढरं, चंदेरी, हिरवं किंवा पिवळसर असलं तरी चांगलं (मीडियात आत राहिलेली मुळं उन्हाअभावी पिवळसर-तपकिरी दिसतात, रंगावर जाऊ नका). दाबल्यावर पाणी निघालं, साल सरकून आली आणि आत नुसता दोरा राहिला, तर मेलं. कोरडं पोकळ कागदासारखं असेल तर तेही मेलं, पण ते कुजीचं नाही, तहानेचं.

५. कापणं: इथे दया दाखवायची नाही

नियम एकच, कूज दिसते तिथे कापायचं नाही, तिच्या पलीकडे निरोगी भागात कापायचं. मुळाला १ सेंटिमीटर आत, खोडाला निदान १ ते २, आणि मऊ कूज लागलेल्या पानाला पाणचट कडेपासून २-३ सेंटिमीटर आत. डाग पानाच्या बुडाजवळ पोचला असेल तर पूर्ण पान काढा. पान काढताना खेचू नका, टोकापासून मधल्या शिरेवर उभं चिरा आणि दोन अर्धे दोन बाजूंना सोलून ओढा, खोडाला इजा न होता निघतं.

प्रत्येक काप झाला की ब्लेड पुसा आणि स्पिरिट लावा, झाड बदललं की ब्लेडच नवीन. ऑर्किडचे विषाणूसुद्धा ब्लेडवरून जातात आणि त्यांना औषधच नाही. मऊ पान कापताना खाली पेपर धरा, आतला रस दुसऱ्या पानावर सांडू देऊ नका, आणि डाग फोडून बघायचा मोह टाळा.

फॅलेनॉप्सिसचं खोड खालून कुजत वर येत असेल तर खालून पातळ चकत्या करत या. चकती तपकिरी, अजून एक. तपकिरी ठिपका, अजून एक. स्वच्छ हिरवट-पांढरं आलं की थांबा. वर एक-दोन मुळं राहिली तरी झाड जगतं. एकही राहिलं नाही तरी लगेच फेकू नका, जरा अवघड आहे पण होतं.

डेंड्रोबियममध्ये कूज साधारण नव्या कोवळ्या फुटव्यात दिसते आणि राइझोममधून शेजारच्या केनकडे सरकते. काळा पडलेला केन नुसता वरून छाटला तर आतली वाट मोकळीच राहते, म्हणून त्याला राइझोमपासून वेगळा करा आणि शेजारच्या केनकडच्या बाजूचा काप बघा. स्वच्छ असेल तर ठीक. गुलाबी-जांभळी कडी दिसली तर अजून एक केन मागे जा. शेवटी दोन-तीन चांगले केन एकत्र राहिले तर झाड पुन्हा उभं राहतं, एकटा केन राहिला तर वर्षभर नुसतं बसून राहायची तयारी ठेवा.

व्हांडाला (मुळं उघडी ठेवून टांगतात ते ऑर्किड) फार सांगण्यासारखं नाही, खालून खोड कुजलं असेल तर ज्या उंचीवर चांगली हवाई मुळं आहेत त्याच्या खाली कापा आणि वरचा भाग टांगा.

तपासा: कापून झालं की झाड उजेडात धरून प्रत्येक काप परत बघा. एक जरी ठिपका राहिला असेल तर पुढे जाऊ नका. "एवढंसं तर आहे, औषधाने जाईल" हे वाक्य डोक्यात आलं की समजा अजून कापायचंय.

६. औषध

कृषी सेवा केंद्रात ही सगळी मिळतात, छोटी पुडी मागा. पाकिटावरचं लेबल वाचा, कंपनीप्रमाणे टक्केवारी बदलते आणि खाली दिलेलं प्रमाण लेबलशी जुळत नसेल तर लेबल खरं.

काळी कूज: मेटालॅक्झिल आणि मॅन्कोझेब एकत्र असलेली पावडर (८ टक्के + ६४ टक्के), साधारण २ ग्रॅम प्रति लिटर. कापलेलं झाड त्यात १० मिनिटं बुडवा किंवा मुळं आणि खोड बुडवून पानांना ब्रशने लावा. दुसरा पर्याय फोसेटिल ॲल्युमिनियम ८० टक्के, २ ग्रॅम प्रति लिटर. मेटालॅक्झिल झाडात मुख्यतः खालून वर जातं, फोसेटिल दोन्ही दिशांना फिरतं, म्हणून मुळं नसलेल्या झाडाला पानांवरून देता येतं. मला तशा झाडासाठी फोसेटिल जास्त पटतं.

जिवाणू: कॉपर ऑक्सिक्लोराइड ५० टक्के, २.५ ते ३ ग्रॅम प्रति लिटर, किंवा थोड्या पाण्यात कालवून पातळ लेप नुसत्या कापावर. पण डेंड्रोबियमवर तांब्याची औषधं फवारू नका, पानं जळतात. फुलं असलेल्या कुठल्याच ऑर्किडवर नको. डेंड्रोबियमच्या जिवाणू कुजीत नीट कापणं आणि कोरडं ठेवणं हेच मुख्य औषध, कापावर दालचिनी पुरे. स्ट्रेप्टोमायसिनच्या पुड्या कोणी सुचवल्या तर त्या वाटेला जाऊ नका, माणसांची अँटिबायोटिक्स कुंडीत ओतून प्रतिकार करणारे जिवाणू तयार करायचे नाहीत, आणि इथे ती लागतही नाहीत.

फ्युजेरियम: कार्बेन्डाझिम १ ग्रॅम प्रति लिटर. म्हणजे बाविस्टिनची जागा इथे आहे. पण ते रोग थोपवतं, कडी आत राहिली तर बरं करत नाही.

साधी मूळकूज: चांगलं कापलं असेल तर कार्बेन्डाझिम + मॅन्कोझेबची मिश्र पावडर, २ ग्रॅम प्रति लिटर, १० मिनिटं, बास.

सावधान: फोसेटिल आणि तांबं कधीच एकत्र किंवा पाठोपाठ नको, फोसेटिलच्या आम्लामुळे तांबं जास्त विरघळतं आणि झाड भाजतं. मध्ये निदान आठवडाभर जाऊ द्या.

आता घरगुती उपायांबद्दल. दालचिनी चांगली आहे, पण ती कापलेल्या पानावर, खोडाच्या कापावर. मुळांवर टाकू नका, ती ओलावा शोषून घेते आणि चांगली मुळंसुद्धा सुकवते. हळदीचंही तेच, कापावर लावली तर हरकत नाही पण तिच्या भरवशावर काळी कूज सोडू नका. हायड्रोजन पेरॉक्साइड मुळांवर ओतायचे व्हिडिओ खूप फिरतात, फेस बघून लोकांना काम झाल्यासारखं वाटतं, पण तो फेस निरोगी पेशींवरही येतो. आणि आपल्याकडे मेडिकलमध्ये जी बाटली मिळते ती बहुतेक ६ टक्क्यांची असते, ३ ची नाही, तेव्हा वापरायचीच तर समप्रमाणात पाणी घालून. ट्रायकोडर्मा ही जिवंत बुरशी आहे, ती प्रतिबंधाला ठीक, पण रासायनिक बुरशीनाशकाबरोबर दिली तर मरते, मग दोन्हीचे पैसे वाया.

उरलेलं औषधाचं पाणी बेसिनमध्ये, नाल्यात नाहीतर माशांच्या टाकीजवळ टाकू नका. तांबं माशांना मारतं. लागेल तेवढंच बनवा, अर्धा लिटर पुरतं.

७. सुकवणं

हा टप्पा लोक गाळतात कारण यात करण्यासारखं काही नसतं. झाड उलटं टांगा म्हणजे कोंबातलं पाणी निथळतं, किंवा रिकाम्या जाळीच्या टोपलीत आडवं ठेवा. सावली, हवा, टेबल फॅन मध्यम वेगावर थोडा लांबून. फॅलेनॉप्सिसला एक पूर्ण दिवस, मोठा खोडाचा काप असेल तर दोन. डेंड्रोबियमचे जाड केन दोन-तीन दिवस सहज काढतात, त्यांच्यात पाणी साठलेलं असतं, घाबरू नका. भर पावसात मुंबई-रत्नागिरीकडे हवा इतकी दमट असते की फॅनशिवाय काप सुकतच नाही, तिथे एसी चालू असलेली खोली असेल तर रात्रभर तिथे ठेवा.

तपासा: कापाला टिश्यू लावा. ओलं लागलं तर अजून थांबा. काप कोरडा, थोडा आत ओढलेला, कडक झाला की तयार.

८. परत लावणं

जुना मीडिया परत नाही. धुवून नाही, उन्हात वाळवून नाही, उकळूनही नको, फेका. कंपोस्टमध्येही टाकू नका. जुनी कुंडी वापरायची असेल तर घासून, १ भाग ब्लीच आणि ९ भाग पाण्यात अर्धा तास बुडवून, मग भरपूर धुवून उन्हात वाळवा. ब्लीचमध्ये टॉयलेट क्लीनर किंवा दुसरं काही मिसळू नका, विषारी वायू निघतो.

कुंडी लहान. मुळं कापल्यावर आधीच्याच मोठ्या कुंडीत लावलं की मधला सगळा मीडिया आठवडाभर ओला राहतो आणि तुम्ही पुन्हा पहिल्या टप्प्यावर. मुळं जेमतेम मावतील एवढी, बुडाला आणि बाजूला भोकं असलेली. दुकानातून येताना बाहेरची जी शोभेची बिनभोकाची कुंडी असते ती पावसाळाभर कपाटात.

मीडिया: लाकडी कोळशाचे बोराएवढे तुकडे आणि पाइन बार्क (पाइनच्या सालीचे तुकडे), किंवा कोळसा आणि विटांचे तुकडे, डेंड्रोबियमला नुसता कोळसासुद्धा चालतो. नारळाच्या सोडणाचे तुकडे स्वस्त आणि सगळीकडे मिळतात, पण कोकणपट्टीत पावसाळ्यात ते फार ओले राहतात, आजारातून उठलेल्या झाडाला तिथे देऊ नका. नागपूर-छत्रपती संभाजीनगरकडे उन्हाळ्यात तेच उपयोगी. कोळसा आणि वीट धुऊन काळं-लाल पाणी जाईपर्यंत स्वच्छ करा, एक रात्र भिजवून निथळून घ्या.

लावताना झाड खोल पुरू नका. खोडाचा बुंधा मीडियाच्या वर दिसला पाहिजे. हलत असेल तर काडीला बांधा, खोल दाबणं हा त्यावरचा उपाय नाही, आणि हलत्या झाडाला नवीन मूळ फुटलं तरी टोक घासून मरतं.

मुळं अजिबात नसतील तर: बुंध्याच्या खाली, न चिकटवता, पिळून काढलेल्या स्फॅग्नम मॉसचा पातळ थर, झाड त्याच्या वर बसलेलं. प्लास्टिक पिशवीत बंद करायची पद्धत आहे पण ती काप पूर्ण सुकल्यावर आणि हवा कोरडी असेल तेव्हाच. पावसाळ्यात बाहेरच ८५-९० टक्के आर्द्रता असते, तिथे पिशवी लावली तर कुजीची सोय होते.

९. पाणी, खत आणि नजर

लावल्यावर तीन ते पाच दिवस पाणी नाही. मग सकाळी, मीडियाच्या कडेने, कोंब कोरडा ठेवून. त्यानंतर कुंडी उचलून वजनाने ठरवा, वारावर नाही. "सोमवार-गुरुवार पाणी" हे वेळापत्रक पावसाळ्यात झाड मारतं.

जागा उजेडाची पण थेट उन्हाची नाही, आणि हवा खेळती. मुळं कमी आहेत म्हणजे झाड पाणी ओढू शकत नाही, ऊन जास्त लागलं तर पानांतूनच पाणी जातं. ७ ते १० दिवसांनी औषधाचा दुसरा फवारा, सकाळी, म्हणजे संध्याकाळपर्यंत पानं कोरडी होतील.

खत अजिबात नाही, जोवर नव्या मुळाचं हिरवं किंवा जांभळट टोक दिसत नाही. दिसलं की १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं खत) अर्धा ग्रॅम प्रति लिटर, पंधरा दिवसांनी एकदा. नत्र जास्त झालं की वाढ कोवळी आणि लुसलुशीत होते आणि जिवाणूंना तीच आवडते. फुलाचा स्पाइक (दांडा) असेल तर कापून टाका. हे कोणालाच आवडत नाही, कळ्या बघून हात थांबतो, पण मुळं नसलेलं झाड फुलं उमलवायच्या नादात संपतं.

पहिले तीन-चार आठवडे रोज बघा. पानं थोडी मलूल राहतील, ते चालेल. मलूल पण डाग नाही म्हणजे काम बरोबर चाललंय.

फॅलेनॉप्सिसचा कोंब कुजला असेल तर

याचा क्रम जरा वेगळा आहे. झाड लगेच उलटं करा, पाणी काढा, टिश्यूचं टोक वळवून कोंबात घाला आणि उरलेलं टिपून घ्या. मधलं कोवळं पान हलकं ओढा. सुटून आलं आणि बूड काळं असेल तर ते जाणारच होतं, काढा. मग पाणी मिसळून ३ टक्के केलेल्या पेरॉक्साइडचे थेंब कोंबात टाका, फेस येईल, दोन मिनिटांनी टिपून घ्या, परत टाका, फेस अगदी कमी होईपर्यंत. मुळांना पेरॉक्साइड नको म्हटलं होतं, पण इथे जागा छोटी आहे, कापता येत नाही, म्हणून चालतं. पूर्ण कोरडं करून चिमूटभर दालचिनी, आणि पानांना फोसेटिल. झाड तिरकं ठेवा म्हणजे परत पाणी साठणार नाही.

कोंब पूर्ण गेला तर वरून नवीन पान येणार नाही, पण खालची पानं आणि मुळं चांगली असतील तर बुंध्यातून पिल्लू फुटू शकतं. काही महिने लागतात, कधी फुटतही नाही. जागा असेल तर ठेवा.

कधी सोडून द्यायचं

खोडात सगळीकडे कडी आहे, किंवा स्क्लेरोशियमचे दाणे आहेत आणि खोड आतून गेलंय, किंवा दोनदा नीट कापूनही काळं पुढे सरकतंय, तर पिशवीत बांधून कचऱ्यात. दाणे मीडियात अनेक वर्षं टिकतात, त्या कुंडीखालची फरशीसुद्धा ब्लीचने पुसून घ्या. बाकीची वीस झाडं वाचवायची की एक, हा हिशोब करावा लागतो.

पुढच्या पावसाआधी, मे महिन्यात

दोन वर्षं जुना मीडिया बदला, मे संपायच्या आत, भर पावसात रिपॉट करायची (कुंडी-मीडिया बदलायची) वेळ आणू नका. कुंड्यांमध्ये हातभर नाही तरी वीतभर अंतर ठेवा. सीतेची वेणी हे आपलं रानटी ऑर्किड सह्याद्रीत झाडावर चार महिने धो धो पावसात भिजते आणि कुजत नाही, कारण त्याची मुळं उघडी असतात आणि सर थांबली की वाऱ्याने सुकतात. आपल्या कुंडीत पाणी तेवढं नसतं, पण वाराही नसतो. म्हणून वरून पारदर्शक पत्रा किंवा जाड प्लास्टिक, बाजू उघड्या, आणि जागा बंदिस्त असेल तर छोटा पंखा, विशेषतः रात्री. फॅलेनॉप्सिस तर पावसात ठेवूच नका. पुण्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्री १०-१२ अंशांवर पारा येतो तेव्हाही संध्याकाळी कोंबात पाणी राहू देऊ नका, तिथे पावसाळा नसतानाही कोंब कुजतात.

गोगलगाई रात्री टॉर्च घेऊन वेचा, त्यांनी कुरतडलेल्या जागेतून कूज आत जाते. खालच्या ट्रेमध्ये साठलेलं पाणी रोज ओता. आणि एकदा मान वर करून बघा, वरच्या मजल्यावरच्या एसीचं पाणी नेमकं कुठल्या कुंडीत टपकतंय.